स्वेटरचा लाल

‘हुबेहूब प्रिंट, मूळ चित्र विसराल!’ असं छपाईच्या दुकानाच्या काचेवर लिहिलं होतं. काचेला काय, तिच्यावर काहीही लिहा.

आत टेबलावर पेंटरच्या बायकोचं चित्र फ्रेममधून सोडवून ठेवलं होतं आणि शेजारी त्याची ताजी प्रिंट. पेंटरने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. माणसाचं चित्र त्याने आयुष्यात एकच काढलं, ते हे. कमरेपर्यंतची बाई, अंगात स्वेटर, नजर सरळ. लेक पाळण्यात असतानाच ती गेली.

“हा लाल नाही,” पेंटर म्हणाला.

छपाईवाल्याने प्रिंट चित्राला भिडवून धरली. “काका, सुईच्या टोकाएवढा फरक दाखवा, मशीन विकून टाकतो.”

“फरक नाहीच. दोन्ही चुकलेत.”

“मूळ चित्रपण चुकलं? मग मी कशाची नक्कल करू?”

“बाबा, स्वेटर विटकरीच होता,” लेक म्हणाली. “लहानपणापासून बघतेय मी.”

“तू चित्र बघतेयस. मी स्वेटर बघितलाय.”

लेकीने छपाईवाल्याकडे बघितलं. म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून धडधाकट माणसं एकमेकांकडे बघतात ना, तसं. आता हे असंच, असं सांगणारं. त्या नजरेची चीड येते, पण ती फुकट आलेली नव्हती. म्हातारा गॅस चालू ठेवून फिरायला गेला होता. शेजारणीला दोनदा नाव विचारून झालं होतं. वृद्धाश्रमात खोली ठरली, घर रिकामं करायला काढलं. तिथल्या भिंतीवर एवढं मोठं चित्र मावत नाही, म्हणून ते लेकीकडे आणि त्याला छोटी प्रिंट. ही वाटणी करताना त्याला कुणी विचारलं नाही. त्याने एकच हट्ट धरला, स्वेटर लाल पाहिजे. आणि लेकीने तो हट्टही गॅसच्या शेजारी नेऊन ठेवला. आणखी एक पुरावा.

“खालचं बटण कुठे गेलं?” पेंटरने अचानक विचारलं.

“कुठलं?”

“प्रिंटमध्ये बटण अर्धंच आहे. खालचा बोटभर भाग कुठे गेला?”

“ती फ्रेमखाली दबलेली कड काका. ती आम्ही छाटूनच टाकतो. धूळ, बुरशी, नुसती घाण असते. तिच्याकडे बघतसुद्धा नाही कुणी.”

पेंटरने चित्र आपल्याकडे ओढलं, अंगठा ओला केला आणि खालच्या कडेवरून फिरवला. धूळ निघाली. खाली लाल होता. असा, की छपाईवाल्याने दिवा खाली ओढला.

“पाट्यांचा उरलेला रंग वापरला होता,” पेंटर म्हणाला. “स्वस्तातला. उजेड लागला की उडतो. इथे लागला नाही.”

लेक वाकून बघत राहिली. “एवढा भडक?”

“भडकच होती ती.”

छपाईवाला खुर्चीत बसला. कडेचा लाल उचलून त्याने स्क्रीनवरच्या स्वेटरमध्ये भरला, घड्या सांभाळत, सावल्या सांभाळत. स्वेटर पेटला. आणि मग तिघांनाही एकदमच ते दिसलं. गालात, ओठांतही मुळात तोच लाल होता, पांढऱ्यात कालवलेला. पातळ, म्हणून आधी उडालेला. विटकरी स्वेटरवर तो चेहरा इतकी वर्षं खपून गेला. आता नाही. आणि चेहऱ्यावर कुणी फ्रेम दाबत नाही, त्यामुळे मूळचं काही उरलेलंही नव्हतं.

“प्रेत दिसतंय,” पेंटर म्हणाला.

“गाल चढवू का जरा? तुम्ही सांगा तसं.”

“चढव.”

गाल गुलाबी झाले.

“अजून. थांब, जास्त झालं. नाही, मघाचं बरं होतं. ओठ... ओठ असे...” त्याचा हात हवेत राहिला. मग त्याने तो खाली घेतला.

लेक बघत होती. असाच क्षण ती महिनोन्‌महिने गोळा करत आली होती. या वेळी तिने छपाईवाल्याकडे बघितलं नाही.

“काढ ते सगळं,” पेंटर म्हणाला. “तोंड होतं तसं ठेव. स्वेटर माहीत आहे, तेवढा लाल कर. तोंडाचं मला सांगता येत नाही.”

“ताई, असंच छापू? विचित्र दिसेल.”

“मला काय विचारता? प्रिंट त्यांची आहे.”

मशीन सुरू झालं. आधी केस आले, मग कपाळ.

“तिचं तोंड आठवत नाही गं मला,” पेंटर मशीनकडे बघत म्हणाला. वृद्धाश्रमाचा विषय निघाल्यापासून, काही आठवत नाही हे त्याने तोंडाने कबूल केलं नव्हतं. “आठवायला गेलो की हे चित्रच येतं.”

“मला तर दुसरं काही नव्हतंच.”

मशीनमधून चेहरा बाहेर आला, मग स्वेटर. रविवारी खोलीत सामान लावायचं होतं. त्यात काही बदलणार नव्हतं.

“आवाज?” लेकीने विचारलं. “आवाज आठवतो?”

“तो आठवतो.”

“कसा होता?”

“जाड. बाईचा वाटायचा नाही. मी शिडीवर असलो की खालून ओरडायची, ‘अहो पेंटर, जेवायचंय की रंगच खाताय?’ अख्खा रस्ता हसायचा.”

“माझ्यासारखा?”

“छे गं, तुझा कसला, चिमणीचा. तिचा...” त्याने घसा खाकरला आणि त्या आवाजात बोलून दाखवायला लागला.