वीतभर टेप

"चपला राहू द्या पायातच, भावजी. घरभर नुसता पसारा आहे," दार उघडत कल्पनावहिनी म्हणाल्या.

पसारा होताच. सुतळीनं बांधलेली खोकी, चादरीत गुंडाळलेल्या गाद्या, भिंतीवरून उतरवलेल्या तसबिरींच्या जागी राहिलेले पांढरे चौकोन. तरी आल्हाद पोतनीसनं चपला बाहेरच काढल्या. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या या घरात तो तेवीस वर्षं येत होता आणि तेवीस वर्षं त्याच पायरीवर चपला काढत होता.

"गाडी किती वाजता उद्या?"

"दुपारची आहे. आदित्य टेम्पोवाल्याकडे गेलाय. पॅकिंग करून करून मी तर परेशान झाले बघा." त्या जरा थांबल्या. "एक सांगू? मनाला लावून घेऊ नका. हे आता कुणालाच ओळखत नाहीत. काल मला म्हणाले, बाई, आपण कुणाकडे आलात?"

एवढं बोलून वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

शैलेंद्र दामले खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दाढी कुणीतरी नीट करून दिली होती, शर्टाची बटणंही बरोबर लावली होती. बावन्नाव्या वर्षी मेंदूला दुसरा झटका आला आणि विमा कार्यालयातला हा भांडखोर, बोलघेवडा माणूस आतून पुसला गेला. आता मुलगा, आदित्य, दोघांनाही पुण्याला घेऊन चालला होता. परत यायचं कुणी बोलत नव्हतं.

"नमस्कार," शैलेंद्र म्हणाला. अनोळखी माणसाला करतात तसा, अगदी अदबीनं.

"नमस्कार," आल्हाद म्हणाला आणि समोरच्या खोक्यावर बसला.

आल्हाद पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं होता. टाकी भरली की व्हॉल्व्ह खोलायचा, कोणत्या मोहल्ल्याला किती वेळ पाणी सोडलं ते रजिस्टरात लिहायचं, लोकांच्या शिव्या खायच्या. शिव्या खाताना तो तोंडातून अक्षर काढत नसे, म्हणून साहेब लोक त्याला समजूतदार म्हणत. बोलायच्या वेळी नेमकं गप्प बसायचं, हे काही त्याला नोकरीनं शिकवलं नव्हतं. ते तो सतराव्या वर्षीच शिकला होता, आणि आज त्याचंच उत्तर द्यायला आला होता.

त्या वर्षी शैलेंद्रच्या, तेव्हाच्या शैलूच्या, मुंबईच्या मामानं एक कॅसेट आणली. 'पेपर लाइटहाउस' नावाचा विलायती बँड, अल्बमचं नाव 'नाइन विंटर्स'. कव्हरवर बर्फात उभं दीपगृह आणि चार जटाधारी. दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि बर्फ पाहिला होता तो फक्त शैलूच्या फ्रीजमध्ये. पण ते गिटार कानावर पडलं आणि उज्जैनमधल्या इतर सगळ्या मुलांची दोघांना कीव यायला लागली. शैलूचा टेपरेकॉर्डर तेव्हा दुरुस्तीला गेला होता, म्हणून कॅसेट आधी आल्हादकडे आली. "सांभाळ रे, जान आहे माझी," शैलू म्हणाला होता.

दुसऱ्याच दुपारी, मे महिन्याच्या उकाड्यात, आल्हादच्या जुन्या टेपरेकॉर्डरनं टेप चावली. रोलरमध्ये गुंतलेली वीतभर टेप पार चुरगळली. आल्हादनं अक्काची, म्हणजे बहिणीची, शिवणाची कात्री घेतली, तेवढा तुकडा कापला, चिकटपट्टीनं टोकं जोडली आणि कॅसेट शैलूला परत दिली. चौथ्या गाण्यातली एक ओळ गेली. शैलूनं गाणं कधी अख्खं ऐकलंच नव्हतं, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. 'ऐकून तर बघ, मग सांगतो,' असं आल्हादनं ठरवलं होतं. शैलूनं ऐकलं आणि तो खुशीत नाचायलाच लागला. मग राहून गेलं.

राहिलं ते गणपतीपर्यंत. महाराष्ट्र समाजाच्या उत्सवात, नाट्यगीतं आणि एकपात्री यांच्या मधे, शैलूनं भय्यासाहेबांच्या हातापाया पडून आपल्या दोघांसाठी दहा मिनिटं मिळवली. भय्यासाहेब समाजाचे अध्यक्ष. "इंग्रजी चालेल, पण गणपतीसमोर नीट कपडे घालून या," एवढीच त्यांची अट. शैलूच्या हातात उसनी गिटार, आल्हादकडे भजनी मंडळाची ढोलकी. शैलू ते चौथं गाणं खरंच सुरेख गात होता. पुढच्या रांगेतल्या काकूसुद्धा पंखा हलवायच्या थांबल्या.

मग ती जागा आली. इंदूरहून पाहुणा आलेला हर्षल नावाचा कॉलेजचा मुलगा मागून ओरडला, "अरे, लाइन खा गया!"

शैलू थांबला. "हमारी कैसेट में ऐसा ही है," त्यानं ठणकावून सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच जागी पुन्हा तेच. हर्षलनं ती ओळ स्वतःच मोठ्यानं म्हणून दाखवली. हॉल हसायला लागला. तिसऱ्या वेळी तर लोक त्या जागेची वाटच पाहत होते, आणि ती आली तशा टाळ्या पडल्या. शैलूनं वळून आल्हादकडे पाहिलं. आल्हादनं फक्त एवढंच म्हणायचं होतं, की टेप मी कापली. आल्हाद ढोलकीची दोरी आवळत बसला.

शैलूनं गिटार खाली ठेवली आणि तो विंगेतून निघून गेला. त्यानंतर तो कधीही गायला नाही. लग्नात नाही, सहलीत नाही, पोराला झोपवतानाही नाही. "आपल्याला गाण्याचं अंग नाही यार, ते आपण बघून घेतलं," असं तो सगळ्यांना हसत सांगायचा. फ्रीगंजमध्ये रोज संध्याकाळी दोघं चहा प्यायचे आणि रोज आल्हादच्या ओठांशी शब्द यायचे. पस्तीस वर्षं झाली. आल्हादला स्वतःची अतिशय लाज वाटत होती. ऐकणारा ऐकण्यासारखा उरला नाही, तेव्हा कुठे याला वाचा फुटत होती.

त्यानं खिशातून फोन काढला. मुलीनं, इशितानं, त्याला तो अख्खा अल्बम शोधून दिला होता. चौथं गाणं लावून त्यानं फोन शैलेंद्रच्या मांडीवर ठेवला.

पहिलं कडवं नुसतंच गेलं. शैलेंद्र खिडकीबाहेर पाहत होता. दुसऱ्या कडव्याला त्याची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली आणि मग तो गायला लागला. आवाज घोगरा, शब्द अर्धेमुर्धे, पण सूर जागच्या जागी होता. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी दारातच उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

आणि त्या जागी शैलेंद्रनं ओळ गाळून पुढची घेतली. फोनमधलं गाणं मागे राहिलं. शैलेंद्र थांबला, त्याच्या कपाळावर आठी आली.

"गलत गा रहा है," तो फोनकडे बोट दाखवून म्हणाला. "कॅसेटमध्ये असं नाहीये."

आल्हादनं गाणं बंद केलं.

"शैलू, ऐक. गाणं बरोबर आहे. त्यात एक ओळ होती. माझ्या टेपरेकॉर्डरनं टेप चावली, मी तेवढी कापून टाकली आणि तुला सांगितलं नाही. तू चुकला नव्हतास रे. त्या दिवशी स्टेजवर मी बोलायला पाहिजे होतं. मला माफ कर."

वहिनी ट्रे धरून तशाच उभ्या होत्या. शैलेंद्रनं आल्हादच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि आल्हादला वाटलं, आता हा शिवी देईल. एक सणसणीत शिवी. त्याला ती हवी होती.

"तुम्ही कोण सांगणारे?" शैलेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, जुना भांडायचा आवाज. "कॅसेट आल्हादकडे होती. आल्हादनं कापली असती तर मला सांगितलं असतं त्यानं. तो झूठ नाही बोलत माझ्याशी. समजले का?"

आल्हादनं त्याच्या मांडीवरचा फोन उचलून खिशात ठेवला.

"येईल तो आता," शैलेंद्र जरा नरमून म्हणाला. पाहुण्याला उगाच बोललो असं त्याला वाटलं असावं. "बसा तुम्ही. चहा घ्या. तो आला की त्यालाच विचारा."

"बरं," आल्हाद म्हणाला. "विचारतो."

वहिनींनी कप हातात दिला. शैलेंद्रनं खुर्ची दाराच्या दिशेला वळवून घेतली, आणि आल्हादही खोक्यावर जरा सरकून बसला, शैलेंद्रला दार नीट दिसावं म्हणून.