प्रेबेनची मंगळवारची वेळ

दर मंगळवारी सकाळी प्रेबेन माझ्याकडे थेरपीला यायचा. डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या बंदरावर जन्मभर क्रेन चालवून निवृत्त झालेला आडदांड माणूस. नैराश्यानं पार खचलेला. खुर्चीत टेकला की तासभर बुटांकडे बघायचा. मी समजूतदारपणे मान हलवायची आणि जांभई नाकातून सोडायची. तो गेला की मलाच वाटायचं, जगायचं तरी कशाला? त्याच्यानंतर येणारं जोडपं कडाकडा भांडायचं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव यायचा.

थेरपिस्टची कटकट ऐकायलाही एक थेरपिस्ट लागते. माझी गुड्रुन. तिच्यासमोर मी एकदा रडलेच. "मला तो नकोसा झालाय गं."

"मग त्याला सांग," गुड्रुन विणता विणता म्हणाली. "मला काय सांगतेस?"

"काहीतरीच! मरेल तो!"

"आणि तुझ्या गोड बोलण्यानं मोठा नाचायला लागलाय, नाही का?"

पुढच्या मंगळवारी प्रेबेन आलाच नाही. काय आनंद झाला मला! खालच्या बेकरीतून दालचिनीचा पाव आणला, पाय टेबलावर टाकले. दोन घास खाल्ले आणि चर्रकन आठवलं, या माणसानं आजवर कधी उशीर केलेला नाही. फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. पाव बाजूला सारला.

तास संपत आला तेव्हा दार उघडलं. "झोप लागली," प्रेबेन म्हणाला.

"अरे गाढवा, फोन उचलायला काय झालं होतं?" पेशंटला गाढव म्हणायचं आम्हाला कुणी शिकवत नाही. आपोआप जमलं.

त्यानं उष्ट्या पावाकडे पाहिलं. "मी आलो नाही म्हणून बरं वाटलं ना तुला?"

अशा वेळी आमच्यात उलट प्रश्न टाकतात: तुला असं का वाटतं? तो जिभेवर तयारच होता. पण तो टाकला असता, तर हा माणूस उठून गेला असता आणि पुन्हा कधी आला नसता.

"हो," मी म्हटलं. "आधी फार बरं वाटलं. मग वाटलं तू मेलास, आणि घास गिळवेना."

प्रेबेन खुर्चीत टेकला, पण बुटांकडे बघितलं नाही.

"माझी बायको काळजी वाटते एवढंच सांगते," तो म्हणाला. "मी घराबाहेर पडलो की तिला आधी हायसं वाटतं, ते मला जिन्यातच कळतं. विचारलं की नाही म्हणते. मला वाटायचं, मलाच वेड लागलंय."