तिसऱ्यांदा मोजलेलं रक्त

आकडा पटला नाही तर चूक हाताची समजायची आणि पुन्हा मोजायचं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त तपासणाऱ्या ताईचा हा नियम. या नियमाने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

शहरावर अणुबॉम्ब पडला त्याला आज तिसरा दिवस. साठ किलोमीटरवरच्या या छोट्या हॉस्पिटलात पाय ठेवायला जागा नव्हती. वीज गेली ती गेलीच, त्यामुळे लॅबचं महागडं मशीन म्हणजे नुसतं शोभेचं खोकं! ताईने माळ्यावरचा जुना मायक्रोस्कोप काढला, खिडकीच्या उजेडात ठेवला आणि डोळे फुटेस्तोवर पेशी मोजत बसली.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं. किरणांचा मार वरून दिसत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सांगतात. आकडा पाचशेच्या वर असेल त्याला खाट आणि औषध. त्याच्या खाली असेल त्याला शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये पाणी आणि दुखणं कमी करायची गोळी. आकडाच नसेल तर तोही हॉलमध्ये. "मला हव्या तेवढ्या शिव्या घाला," बाई म्हणाल्या, "पण खाटा चाळीसच आहेत." शिव्या घालायचं त्राण तरी कुणात होतं?

ताईचा धाकटा भाऊ ढोल्या शहरातून चालत आला होता. पहिल्या दिवशी आतडी बाहेर पडतील अशा उलट्या झाल्या, आणि कालपासून गडी ठणठणीत. नुसता बसेल तर शपथ! सकाळपासून माणसं उचलून इकडून तिकडे नेत होता. रक्त देतानाही तोंड चालूच. "जपून घे गं, पहिलवानाचं रक्त आहे. मशीन बंद आहे तेच बरं, नाहीतर फुटलं असतं."

आज ट्रेमध्ये चौदा नळ्या होत्या. काचेवरचं रक्त रंगवायचा स्टेनही मोजून चौदा काचांपुरता उरला होता. बारा काचा झाल्यावर ढोल्याची नळी आली.

आकडा आला सत्तर.

छे! मान आखडलीय, कुठेतरी चुकलं असणार. हा हसतोय, खातोय, लोकांची चेष्टा करतोय, आणि सत्तर? तिने दुसरी काच रंगवली. सहासष्ट. मग बाटली पालथी घालून तळाचे थेंब ओघळू दिले आणि तिसरी काच कशीबशी रंगवली. खरं तर पहिल्याच काचेला तिला सगळं कळलं होतं. कळून काय उपयोग? हात ऐकत नव्हते. एकोणसत्तर.

डॉक्टरीणबाई आत आल्या. "शेवटची नळी राहिली ना? शिंपीणबाईंच्या पोरीची?"

"स्टेन संपला," ताई म्हणाली.

बाईंनी वही ओढून घेतली. एका नावापुढे तीन आकडे होते. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा भाऊ असता तर मीही हेच केलं असतं गं. आता त्या पोरीचं काय सांगू तिच्या आईला?"

"माझं रक्त घ्या, माझी खाट घ्या..." ताई काहीबाही बोलू लागली.

"तुझ्या रक्ताने तिचा आकडा कळणार आहे का?"

थोड्या वेळाने बाहेर पोर हॉलकडे निघाली होती. सात वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, कदाचित अगदी धडधाकट. शिंपीणबाई मागून एकच विचारत होत्या, "पण तिचं रक्त घेतलंय ना हो?" पोरीला कडेवर घेतलं होतं ढोल्यानेच. ताईला दारात पाहून तो थांबला.

"हिला पोचवून आलोच. मग सांग माझा आकडा."

"येऊ नकोस," ताई म्हणाली. "तूही तिथेच थांब."

"मी?" ढोल्या मोठ्याने हसला. "मला काय धाड भरलीय?"