मधमाशांचे साल

थोरल्या बाईंनी वाईनचा घोट जिभेवरून तीनदा फिरवला, गालाच्या आत क्षणभर थोपवला आणि मान तसूभरही न झुकवता पितळी तस्तात सोडला. काठावर एक थेंबही पडला नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तो पडत नसे, आणि पडत नाही हे सगळ्यांनी पाहावे अशी त्यांची अपेक्षाही असे.

"सहावा दिवस," त्या म्हणाल्या. "लिहा."

तळघराच्या कारभाऱ्यांनी लिहिले. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीतून सकाळचा सपाट उजेड टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पडला होता आणि त्या चादरीवर बूच न लावलेली एकच बाटली उभी होती. या घरची रीत अशी, की दोन वर्षे पिंपात राहिलेल्या पोर्टची, म्हणजे या घरच्या गोड, कडक वाईनची, बाटली उघडून सहा दिवस उघडीच ठेवायची आणि रोज अकराच्या ठोक्याला तिचा एक घोट घ्यायचा. मोकळी हवा सहा दिवसांत वाईनचे जे करते, तेच बुचाआडून काळ चाळीस वर्षांत करतो, अशी धारणा. सहाव्या दिवशी थोरल्या बाई निकाल देत. त्या हो म्हणाल्या तर ते साल जाहीर होई. बाटल्यांवर आकडा छापला जाई आणि त्या अंधारात आडव्या निजत, पुढच्या पिढीने उघडाव्यात म्हणून. त्या नाही म्हणाल्या तर तीच वाईन खालच्या मोठ्या लाकडी हौदात जाई, दहा सालांत मिसळे आणि तिचे नावगाव उरत नसे. एकेचाळीस वर्षांत त्यांनी नऊ साले जाहीर केली होती. बाकीची सगळी हौदात गेली होती, आणि त्याबद्दल त्यांची झोप कधी मोडली नव्हती.

यंदा निकालाला आलेली वाईन त्यांच्या नातीची होती, तिने स्वतःच्या हाताने केलेली पहिली. सगळे घर नको नको म्हणत असताना तिने द्राक्षे आठवडाभर अधिक वेलीवर ठेवली होती आणि ती तुडवताना माणसांना घाई करू दिली नव्हती. आता ती टेबलापासून चार हातांवर उभी होती, हात पाठीमागे बांधून. नकार आला तर हौदाची झडप उद्या सकाळी उघडायची होती. काल तिने कारभाऱ्यांना, अगदी सहज विचारावे तसे विचारले होते, की ती झडप एकदा उघडली म्हणजे मध्येच बंद करता येते का. येत नाही, असे कारभाऱ्यांनी सांगितले होते आणि मग दिवसभर तिच्याकडे पाहणे टाळले होते.

अडचण एवढीच होती की वाईन सगळ्यांना आवडली होती. पहिल्याच दिवशी कारभाऱ्यांनी डोळे मिटले होते, आणि थोरल्या बाईंच्या कपाळाला आठी पडली होती ती तेव्हाच. त्यांच्या मते दोन वर्षांच्या पोर्टने उद्धट असावे. रंगाने काळी, तोंडात घेताच हिरड्या आवळणारी, पाहुण्यांसमोर धड न बोलणारी. अशी वाईन चाळिशीत माणसांत येते. जी लहानपणीच सगळ्यांच्या मांडीवर जाऊन बसते, तिच्यापाशी मोठेपणी सांगण्यासारखे काही उरत नाही.

"आजी, सहा दिवसांत ती खचली नाही," नात म्हणाली.

"नाही खचली. पण पहिल्या दिवसापासून गोड बोलतेय. अशांचं मला भय वाटतं."

"गोड बोलणाऱ्यांचं तुम्हाला पहिल्यापासून वावडंच, जाऊबाई," खिडकीपाशी पेले पुसत असलेल्या धाकट्या बाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुझं-माझं इतकी वर्षं जमलं, धाकटे."

कारभारी वहीत तोंड खुपसून हसले. या दोन जावांचे असे चव्वेचाळीस वर्षे चालले होते. थोरलीने निकाल द्यायचा आणि धाकटीने निरनिराळ्या पिंपांतली वाईन जुळवून ती त्या निकालापर्यंत आणायची, अशी कामाची वाटणी सासऱ्यांनीच करून दिली होती. धाकटी सत्तरीची झाली तरी या घरात धाकटीच राहिली होती.

निकालाआधी एक गोष्ट मात्र व्हावी लागे. घरातली एखादी जुनी पोर्ट, कोणत्या सालची ते न सांगता, थोरल्या बाईंसमोर ठेवली जाई. नवीन वाईन मोजायची तर माप हाताशी हवे, म्हणून ही रीत. बाटली निवडण्याचे काम धाकट्या बाईंचे आणि साल ओळखण्याचे थोरल्यांचे. त्या आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या, त्यामुळे मापाचे काम मागे पडून त्याचा एक कौतुकाचा खेळ होऊन बसला होता.

धाकट्या बाईंनी बाटली काल दुपारीच तळघरातून आणून उभी करून ठेवली होती, गाळ खाली बसावा म्हणून. सकाळी त्यांनी ती स्वतःच काचेच्या सुरईत ओतली होती. कारभाऱ्यांना हात लावू दिला नव्हता. आता त्यांनी एक पेला भरला आणि जावेसमोर ठेवून त्या पुन्हा खिडकीकडे गेल्या.

थोरल्या बाईंनी पेला चादरीवर तिरका धरला. कडेला विटेचा रंग, पोटात अजून माणकाची लाली. त्यांनी वास घेतला आणि पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला. सुकलेले अंजीर, संत्र्याची साल, आणि त्या सगळ्यामागे कुठेतरी, उन्हात तापलेल्या मेणासारखे काहीतरी.

"चाळीस वर्षांच्या आसपासची," त्या म्हणाल्या. मग घोट घेतला.

घोट मऊ होता, पण ढिला नव्हता. गोडी पुढे होऊन बोलत होती आणि तिच्यामागे तुरटपणाचा एक बारीक, ताठ कणा उभा होता, चांगल्या घरातल्या माणसासारखा, न मिरवता. असे काही त्यांनी फार वर्षांत चाखले नव्हते. त्या मनाशी एकेक साल काढून बाजूला ठेवू लागल्या. या घरात सालांना आकड्यांपेक्षा हवेची नावे अधिक. गारांचे साल? त्याला मिऱ्याचा वास. कोरडे साल? ते याहून दाट आणि अजून काळे. उशिराच्या थंडीचे साल आता एवढ्यात विरळ झालेले. जाहीर केलेली सगळी साले संपली, आणि समोर पेल्यात पोर्ट शिल्लकच होती.

कोरड्या सालाच्या आदल्या वर्षी द्राक्षे इतकी पिकली होती की मळ्यावर मधमाशांचे ढग उतरले होते. तुडवणाऱ्या माणसांनी डोक्याला फडकी गुंडाळून काम केले होते. सासऱ्यांनी निकालाची खुर्ची थोरल्या सुनेला दिली ती त्याच वाईनच्या वेळी. खुर्चीवर बसून त्यांनी दिलेला तो पहिला नकार. वाईन धाकटीने जुळवलेली होती. घरात येऊन तिला तिसरे वर्ष होते.

थोरल्या बाईंनी मान वर केली. धाकट्या बाई एकच पेला पुसत होत्या, आणि तो मघाशीच स्वच्छ झालेला होता.

नुसते 'कोरडं साल' म्हटले असते तरी चालण्यासारखे होते. कारभाऱ्यांनी लिहून घेतले असते, नातीने मान डोलावली असती, आणि धाकटीने चारचौघांत जावेला खोटे पाडले नसते. तिने ते कधीच केले नव्हते. जे काय सुनवायचे ते जिन्यात सुनवले होते.

थोरल्या बाईंनी तस्त बाजूला सारले आणि पेल्यातली उरलेली पोर्ट पिऊन टाकली.

"मधमाशांचं साल," त्या म्हणाल्या.

कारभाऱ्यांची पेन्सिल थांबली. त्या सालची पोर्ट आपल्याकडे नाही, असे त्यांनी अदबीने सुचवून पाहिले.

"नाही ना. मी होऊच दिली नाही."

एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला आणि त्यांचे खांदे हलू लागले. ठसका लागला असे समजून कारभारी पाण्याला धावले. नात दोन पावले पुढे आली आणि जागच्या जागी थबकली, कारण आजीला इतके हसताना तिने कधी पाहिले नव्हते.

"एक पिंप तू स्वयंपाकाला मागून घेतलं होतंस," डोळे टिपत थोरल्या बाई म्हणाल्या. "पाटीसुद्धा मीच लिहून दिली होती."

"तुमच्याच अक्षरातली आहे. 'स्वयंपाकघर.' त्यातलं मी बाटल्यांत भरलं आणि शेवटच्या रांगेला ती पाटी टांगली. तुम्ही टाकलेल्या वस्तूला हात लावायची या घरात कुणाची छाती आहे?"

किती आहेत, असे थोरल्या बाईंनी विचारले. दोनशे चौदा, असे उत्तर आले. दर दहा वर्षांनी धाकट्या बाई त्यातली एक उघडून पाहत आल्या होत्या. दहाव्या वर्षी ती रुसलेली होती. विसाव्या वर्षी तोंडातून शब्द काढीना. तिसाव्या वर्षी मात्र तिने असे काही सांगायला सुरुवात केली, की धाकट्या बाई तळघरातल्या पायरीवर एकट्याच बसून राहिल्या होत्या.

"आणि तेव्हा मला सांगावंसं वाटलं नाही?"

"कशाला? मला काही तुम्हाला हरवायचं नव्हतं." धाकट्या बाईंनी पेला अखेर खाली ठेवला. "पण ही पोर अशी हात बांधून उभी राहिली ना, मला माझीच आठवण झाली."

थोरल्या बाईंनी सहा दिवस उघड्या राहिलेल्या बाटलीतून नातीची वाईन पुन्हा पेल्यात घेतली. या वेळी गोडीपाशी न थांबता तिच्या पलीकडे काय आहे ते त्या शोधत राहिल्या, आणि जे शोधत होत्या ते तिथे होते. सहाही दिवस तिथेच असले पाहिजे.

"लिहा," त्या पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या कारभाऱ्यांना म्हणाल्या. "साल जाहीर. आणि मधमाशांच्या सालाचा माझा निकाल चुकला होता, तेही लिहा. त्याच पानावर. मोठ्या अक्षरात, मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

नातीचे हात पाठीमागून सुटले. त्यांचे काय करावे हे तिला कळेना, म्हणून तिने ते कारभाऱ्यांच्या गळ्यात टाकले, आणि तांब्यातले निम्मे पाणी कारभाऱ्यांच्या सदऱ्यावर गेले. धाकट्या बाई त्या दोघांवर ओरडल्या, की चादर भिजेल.

सदरा झटकत कारभाऱ्यांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. जाहीर सालाच्या पेट्यांवर एक आकडा घालावा लागतो: किती वर्षांनी उघडावी. तो आकडा थोरल्या बाई उभ्याउभ्या सांगत, बाजारभाव सांगावा तसा, दुसऱ्यांदा न विचारता.

आज त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी खुर्ची थोडी मागे ओढली.

"धाकटे, इकडे ये. तू सांग."

चव्वेचाळीस वर्षे विचारण्याआधीच उत्तर देत आलेल्या धाकट्या बाई या वेळी नुसत्याच टेबलापाशी आल्या. त्यांनी पदराला हात पुसले, खुर्चीच्या कडेवर बसल्या, मग नीट मागे सरकून बसल्या. पेला उजेडात धरला. घोट घेतला आणि डोळे मिटले.

थोरल्या बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि वाट पाहू लागल्या.