टोपलीतले फोन

सकाळची प्रार्थना संपली तशी तालिताने टोपलीतून आपला फोन उचलला आणि फाटकाजवळच्या केबिनमध्ये जाऊन बसली. ऑकलंडच्या त्या अरुंद रस्त्यावर सहा मजली इमारत उभी राहत होती. माल ठेवायला वीतभर जागा नाही, म्हणून प्रत्येक ट्रकची वेळ वेबसाइटवर आधीच ठरलेली. कोणता ट्रक कधी, क्रेन कुणाला, माल कुठे उतरायचा, सगळं तालिताच्या पडद्यावर. जागा तपासणाऱ्याने आपल्या फोनवरून हिरवी खूण केली, की मगच क्रेन माल उचलणार.

साडेनऊला सळया आल्या. दोन टन. उतरायच्या होत्या चौथ्या मजल्याबाहेरच्या फलाटावर, आणि तिथे उभा होता पेनि, तालिताचा धाकटा भाऊ. खूण हिरवी होती. तपासणारा: पेनि. वेळ: सहा बावन्न.

तालिताने वेळ पुन्हा वाचली. सहा बावन्नला पेनि तिच्याच शेजारी स्तोत्र म्हणत होता, तेही नेहमीसारखं बेसूर! त्याचा फोन टोपलीत होता, आणि टोपली सेउलि मामांच्या मांडीवर.

सेउलि मामा त्या सामोअन घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख, आणि साइटवरचे मुकादम. हाताखालची अकराही माणसं नात्यातली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे फोन मामांपाशी. पासवर्डही त्यांना ठाऊक; मोठ्यांपासून लपवायचं काय? मग मामाच सगळ्यांच्या खुणा उरकून टाकायचे. वेळ वाचायचा आणि मामांचा मानही राहायचा. अहो, कसला मान! गेल्या वर्षी याच टोळीतल्या सामुचा पाय गेला तो या मानापायीच. चौकशीत निघालं काय, तर तपासणारा: सामु. घराण्याची अब्रू जाईल म्हणून बिचारा तोंडातून अवाक्षर न काढता घरी बसला.

क्रेनने सळयांचा भारा उचलला. तालिताने खूण लाल केली. भारा तिथेच थांबला.

मामा तरातरा केबिनमध्ये आले. "क्रेन कुणी थांबवली?"

"मी, मामा. फलाट आज कुणी बघितला?"

"काल बघितलाय मी. ठीक होता."

"आणि आज?"

"पोरी, माझा शब्द पुरत नाही का तुला? ट्रक परत गेला तर पुढची पाळी थेट सोमवारी. बऱ्या बोलानं हिरवं कर."

मामांच्या डोळ्यांत बघून बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"करते. पेनिला खाली बोलावते, त्याच्या जागी तुम्ही उभे राहा. लगेच करते."

मामा ताडताड जिना चढून गेले, आणि ती त्यांच्या मागोमाग. फलाटाखाली चार टेकू असायला हवे होते. होते दोन. काल संध्याकाळी नळवाल्यांनी दोन काढले, ते परत लावलेच नव्हते.

"काय झालं मामा?" वरून पेनि हसत विचारत होता.

मामा टेकूच्या रिकाम्या जागेवर हात टेकून उभे राहिले. खाली आल्यावर म्हणाले, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"काढली," तालिता रडत म्हणाली. "पण पेनि स्वतःच्या पायांनी खाली आला ना? सामुच्या वेळी मी गप्प बसले, मामा. आता नाही बसणार."

दुसऱ्या सकाळी टोपली फिरली. काल टेकूंची गोष्ट साऱ्या टोळीने डोळ्यांनी पाहिली होती, तरी एकेक फोन आत पडत गेला. तालिताने आपला खिशातच ठेवला. पेनिने मात्र सवयीने टाकलाच. तिने तो उचलला आणि त्याच्या मुठीत परत कोंबला.

"ताई, मामा बघताहेत," तो कुजबुजला.

"बघू देत."

मामांनी खरोखरच पाहिलं, आणि मान खाली घालून प्रार्थना सुरू केली. टोपलीत अजून नऊ फोन होते. त्या नऊ जणांनाही कुणी बहीण असेल. ती बहीण का गप्प होती?