भोगीच्या पहाटेचा चढ

आमच्या पलूसच्या लालासाहेबाला लष्करानं दोन गोष्टी शिकवल्या: मोटार हाकणं आणि फुशारकी मारणं. पहिली जरा कमी शिकवली. इटलीच्या बर्फातून त्यानं दारूगोळ्याची लॉरी नेली होती, आणि हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की इटली कराडच्या पलीकडंच कुठंतरी असावी, असं त्याच्या आईला वाटायचं.

लढाई संपल्यावर विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची रेसची मोटार त्यानं पुण्याहून आणली. बुटकी, दोनच माणसांची, पुढं लांबलचक नाक आणि मागं पेट्रोलची टाकी. इंजिन असं जबरदस्त की सुरू केलं की गल्लीतली भांडणं थांबायची. साहेबानं जाताना बजावलं होतं की थंडीत हिचं रबर लाकडागत कडक होतं, ताकद सगळी मागच्या चाकांना जाते आणि बूड हलकं आहे, तेव्हा पाय जपून दे. लालासाहेबानं मान डोलावली. इटली बघितलेल्या माणसाला साताऱ्याच्या थंडीचं काय सांगता?

सत्तेचाळीस सालच्या भोगीला तो बहिणीला आणायला गेला. लीलाबाईला महाबळेश्वराच्या वाटेवरच्या एका वस्तीत दिलेली. माहेरचं कुणी न्यायला आल्याशिवाय लेकीनं सासरहून निघायचं नाही, ही आपली रीत. बाप नाही, भाऊ लढाईवर, मग न्यायला जाणार कोण? तीन वर्षं पोरीनं आईचं तोंड बघितलं नव्हतं. मला विचाराल तर असल्या रिती करणाऱ्याला एकदा सासरी नांदायला पाठवायला हवं होतं.

आदल्या संध्याकाळी तो पोचला. लीलाबाईची सासू बनुबाई दारात उभी राहिली की घरात दिवा लावावा लागायचा, एवढी अंगानं भरलेली. तिनं पाव्हण्याला पोटभर जेवू घातलं आणि मग कायदा सांगितला. भोगीच्या दिवशी सवाष्ण ज्या घरात न्हाते, त्याच घरात जेवते. दिवस कौलावर यायच्या आत लीला चढ चढून सडकेला लागली तर खुशाल माहेरी जाऊन न्हाऊ दे. नाहीतर न्हाणं इथं, जेवण इथं. परवा संक्रांत, म्हणजे सासरचा ववसा. तेरवा कर, म्हणजे किंक्रांत, त्या दिवशी लेकीबाळी वाट चालत नाहीत. आणि मग बटाट्याची काढणी. म्हणजे वर्ष गेलं. बाई दुष्ट नव्हती. घरात रांधायला दुसरं कुणी नव्हतं, आणि रीत नेमकी तिच्या सोयीची निघाली.

पहाटे लीलाबाई नवं लुगडं नेसून, बोचकं मांडीवर घेऊन मोटारीत बसली. बाहेर सगळं गवत पांढरं झालं होतं. दव गोठून चढाच्या दगडांवर काचेचा पापुद्रा धरला होता. लालासाहेबानं इंजिन सुरू केलं, दाजीकडं, म्हणजे लीलाबाईच्या नवऱ्याकडं, नाथाजीकडं बघून हात हलवला आणि दणकून पाय दिला. मागची चाकं गरागरा फिरली. मोटार होती तिथंच. त्यानं आणखी जोर दिला. चाकं आणखी जोरात फिरली, आणि मोटार शेपूट हलवत वीतभर मागं आली.

नाथाजी आणि त्याचा शेजारी गुंडा ढकलायला लागले, तर त्यांचेच पाय घसरून दोघंही गुडघ्यावर आले. मग गुंडानं रोग ओळखला. त्यांचा जन्म बैलगाडीत गेलेला. चढाला गाडीचा भार मागं गेला की जू वर उचलतं आणि बैलांना जोर लावता येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"गाडी उलाळ झालीया पाव्हणं," गुंडा म्हणाला. "फुडं दाबी पायजे."

लालासाहेबही शेतकऱ्याचाच लेक. त्याला हे लगेच पटलं. इटलीत मागच्या चाकांवर कायम दारूगोळ्याची रास असायची, हे काही त्याला आठवलं नाही. नाथाजी आणि गुंडा मोटारीच्या नाकावर चढून बसले, वर बटाट्याचं एक पोतंही मांडीवर घेतलं. या गाडीचे बैल मागं आहेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आता चाकं अशी फिरली की रबराचा वास सुटला, आणि मोटार तिरकी होऊन उकिरड्याला टेकली.

खाली उतरून दोघांनी चुलीतली राख आणून चाकाखाली टाकली. आता मोटार हातभर पुढं सरकली. पलीकडच्या डोंगराचं टोक तांबडं झालं होतं. लीलाबाई नुसती कौलाकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. पण मोटार हातभर सरकलेली बनुबाईनंही बघितली. ती तरातरा आली, गुंडाच्या खांद्यावर हात टेकून मोटारीच्या बुडावर चढली आणि घडी घातलेल्या टपावर ऐसपैस बसली.

"आता नेऊन दाव माझ्या सुनंला," ती म्हणाली.

लालासाहेबाच्या अंगातली मस्ती तोवर उतरली होती. त्यानं नुसता अंगठा टेकवावा तसा पाय टेकवला. मागच्या चाकांवर बनुबाईचा सगळा भार. चाकं फिरली नाहीत. त्यांनी जमीन धरली, आणि मोटार मुकाट चढायला लागली. थांबलं तर घसरून पुन्हा उकिरड्यात, म्हणून तो थांबेना. बनुबाईला उतरता येईना. मागं नाथाजी चुलीवर काय ठेवू म्हणून ओरडत होता.

सडकेवर येऊन मोटार थांबली तेव्हा खाली कौलं अजून काळीच होती. लालासाहेबानं हात जोडले. "मावशी, उतरा आता."

बनुबाई उतरली नाही. पदर सारखा करत तिनं खाली बघूनच विचारलं, "ही सडक उंब्रजावनं जाती न्हवं?"

"जाती की. का?"

"माझं म्हायार हाय तितं. वीस वर्सं झाली. कुणी आलंच न्हाई."

आता हिला इथंच उतरवावी, असं लालासाहेबाच्या मनात आलं, आणि मी असतो तर उतरवलीही असती. पण लीलाबाईनं बोचकं पायाशी ठेवलं आणि बाजूला सरकली.

"आत्याबाई, फुडं या. तितं वारं लागंल," ती म्हणाली. "दादा, उंब्रजात थांबव."

वाईला ऊन लागलं, रबर मऊ झालं, आणि लालासाहेबाची इटली पुन्हा सुरू झाली. दोघांच्या जागेत तिघं अशी मोटार उंब्रजात शिरली, तेव्हा बनुबाईचा म्हातारा भाऊ हंबीरराव ओसरीवर बसला होता. बहिणीला बघून तो गडबडून उठला. वीस वर्षांची शरम त्याच्या तोंडावर दिसत होती. त्यानं विचारलं, "बने, तुला आनायला कोन आलं हुतं?"

"माझी सून," बनुबाई म्हणाली.