शिडीचा जोड

घडीची लोखंडी शिडी वरच्या बिजागरीत फाकली आणि छताला रंग देणारा रंगारी पाठीवर आपटला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. शिडी जेमतेम वर्षाची. बिजागरी मुळातच कच्ची होती, असं म्हणत त्याच्या बायकोने कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार केली. "कंपनीचा हलगर्जीपणा दाखवायची गरज नाही. मालात दोष होता, एवढं पुरे," असं तिचा वकील म्हणाला, तेव्हा कितीतरी दिवसांनी तिच्या जिवात जीव आला.

सुनावणीत कंपनीच्या वकीलबाईंनी एक फोटो पुढे केला. आवाज चढवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"शिडीच्या या पायाला वेल्डिंगचा जोड आहे. तो आमच्या कारखान्यातला नाही. कोणी दिला?"

जोड कोणाचा ते तिने बघताक्षणी ओळखलं. तिचा धाकटा भाऊ वेल्डर होता आणि मागच्याच बाकावर बसला होता. पुढच्या तारखेला त्याची साक्ष झाली.

"मीच दिला," तो म्हणाला. "पायाला तडा गेला होता."

"तडा गेल्यास शिडी वापरू नये, असं तिच्यावर ठळक लिहिलंय. मग जोडायला कोणी सांगितलं?"

त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं. "कोणी नाही. माझ्याच मनाने केलं."

"त्या जोडाने पाय जरासा आखूड होऊन सगळा भार एका बिजागरीवर आला असेल?"

"सांगता येत नाही."

तेवढं त्यांना पुरलं. मूळ वस्तूत फेरफार झाला, अपघात त्यामुळेच झाला असणं शक्य आहे, सबब कंपनी जबाबदार नाही, असं म्हणून मंचाने तक्रार फेटाळली.

"तुला कोणी सांगितलं होतं नको तिथे हात घालायला?" बाहेर जिन्यावर ती भावाला म्हणाली. "उद्यापासून येऊ नकोस."

भावोजींना उचलून खुर्चीत बसवायला तो रोज सकाळी यायचा. तो यायचा थांबला. ती एकटीच नवऱ्याला ओढून-ताणून उठवू लागली. एके दिवशी तिची कंबर धरली आणि दोघंही पलंगाच्या कडेला तसेच अडकून राहिले.

"त्याला बोलाव," रंगारी भिंतीकडे बघत म्हणाला. "जोड दे म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. तो नवी शिडी घ्या म्हणत होता."

त्याच दुपारी ती भावाच्या दुकानात गेली. त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"भावोजी बोलले वाटतं."

"तिथे का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव आलं असतं तर केस तिथेच बुडाली असती. बुडायची ती बुडालीच म्हणा."

"खरं सांग, जोडामुळेच झालं का रे?"

त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "माहीत नाही, ताई. बिजागरी कच्ची असेलही. पण आता ते कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. दोघांनी मिळून रंगाऱ्याला खुर्चीत बसवलं. पूर्वी हे करताना मेहुण्या-भावोजींची थट्टा चालायची, वजनावरून टोमणे असायचे. आज भावाने नुसतं विचारलं, "पाठीला उशी देऊ?"

"दे," रंगारी म्हणाला.